होडीवर रंगवलेला पत्ता

सत्तावीस होड्यांवर ऑइलपेंटने रंगवलेला वेबसाइटचा पत्ता एकाएकी खोटा कसा ठरला?

हा प्रश्न घेऊन इरावती तांडेल पाय आपटतच मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत शिरली. काल तिच्या आबांनी भरती-ओहोटीच्या वेळा पाहायला होडीवरचा पत्ता उघडला, तर पडद्यावर एकच ओळ होती : ‘पान सापडत नाही.’ आबा अंदाजाने खाडीत शिरले आणि होडी वाळूत रुतली. पाच तासांत सगळी मासळी नासली. आज ते पुन्हा समुद्रावर होते, आणि पाच वाजता परतणार होते.

“पान कुठे घालवलंस?” तिने सोसायटीच्या यंत्रमानवाला, निर्मळला, विचारलं.

“घालवलं नाही. वेबसाइट पंधरा वर्षं जुनी होती, मी नवी केली. वेळा आता नव्या पानावर आहेत.”

“आणि जुन्या पत्त्यावर?”

“काही नाही. साफ केलं.”

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “घर बदलताना माणसं नवा पत्ता सांगून जातात. तू सरळ घर पाडून मोकळा झालास. होड्यांवरचा रंग कोण खरवडणार?”

निर्मळचे दिवे लुकलुकले. होड्यांचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

“पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर पोचवणं) करता येईल,” तो म्हणाला. “सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवतो. झटपट होईल.”

“म्हणजे हलत्या होडीत ओल्या बोटांनी आबांनी पान शोधत बसायचं? भरतीचा पत्ता भरतीच्याच पानावर ने. आत्ता.”

निर्मळने भरतीच्या जुन्या-नव्या पत्त्यांची जोडी आधी लावली. मग बाकीची तीनशे बारा जुनी पानं एकेक करून तपासायला घेतली. हवामानाची दोन पानं होती, ती एकत्र करून दोन्ही पत्ते तिकडे वळवले. बर्फाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्याच्या पत्त्यावर ‘हे पान कायमचं बंद केलं आहे’ असं स्पष्ट लिहिलं.

पावणेपाचला फोन वाजला. “पान उघडला गो,” आबा म्हणाले. “ओहोटी आहे. सातपर्यंत बाहेरच थांबतो.”

इरावती मटकन खुर्चीत बसली. राग मात्र उतरला नव्हता.

“यापुढे काहीही बदलण्याआधी जुन्या पत्त्यांची यादी करीन,” निर्मळ म्हणाला.

“आणि ते कुठे कुठे लिहिलेत, त्याचीही. चल बंदरावर.”

सातनंतर होड्या एकेक करून आत आल्या. निर्मळला प्रत्येकीवरचा पत्ता मोठ्याने वाचावा लागला, सत्तावीस वेळा.