पाळीखालचं गढूळ पाणी

रुखमाचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. पाय वर आला, पण चप्पल आतच राहिली.

आजूबाजूच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांत, कापलेलं धान पसरलं होतं. जमीन इतकी वाळली होती, की तिला भेगा पडू लागल्या होत्या. ओल होती ती फक्त इथे, तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीच्या पायथ्याशी, एक बैलगाडी उभी राहील एवढ्याच जागेत. मधोमध पाणी बुडबुडत वर येत होतं आणि ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं.

“टेकचंद, हे बघ.”

टेकचंद हा तिचा मामेभाऊ, तिच्याहून वर्षानं मोठा. त्यानं वाकून पाहिलं. “खेकड्याचं बीळ असंल.”

“खेकडा एवढं पाणी काढतो?”

“मले काय मालूम? मी खेकडा आहो का?”

शेजारची देवका हसली. तिनं काडी घेऊन चप्पल बाहेर काढली आणि मग तीच काडी झऱ्यात घातली. हातभर काडी आत गेली, तरी तळ लागला नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीची दिवाळीची सुट्टी होती. रुखमाचे वडील जवाहरनगरच्या कारखान्यात होते. त्यांची जबलपूरला बदली झाली आणि सात वर्षं राहिलेलं क्वार्टर एका सकाळीत रिकामं झालं. तिकडे घर मिळेपर्यंत रुखमाला श्यामराव मामाकडे, सानगडीजवळच्या खैरबोडीला ठेवलं होतं. घरात तिला कोणी रागावत नव्हतं. कोणाला तेवढा वेळच नव्हता. कापणीचे दिवस, उजाडताच सगळे बांधीत. टेकचंद आणि देवकाही दिवस कलल्यावरच मोकळी होत. दिवसभर रुखमा पाळीवर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसायची. जवाहरनगरच्या मैत्रिणींना तिनं तीन पत्रं टाकली होती, उत्तर एकाचंही आलं नव्हतं. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे साम्राज्यांच्या ऱ्हासाची सातही कारणं तिला तोंडपाठ झाली होती.

“धनीराम आज्याले विचारू,” देवका म्हणाली.

धनीराम पाळीच्या टोकाला झोपडीत एकटा राहायचा. तलावाचं पाणी सोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होतं. आता ते कोणाकडेच नव्हतं. म्हातारा मुलांबरोबर खाली आला, उकिडवा बसला आणि पाणी दोन बोटांत चोळून पाहत राहिला.

“निर्मळ पाणी झिरपलं तर भेव नाही,” तो म्हणाला. “पण हे गढूळ आहे. म्हणजे पाणी पाळीले आतून खाऊन राहिलं. इथून माती येऊन राहिली ना, तेवढी आत पोकळी पडून राहिली.”

“मग पाळ फुटेल?” रुखमानं विचारलं.

“भरला तलाव आहे, पोरी. खाली खळे आहेत, साऱ्या गावाचं धान आहे. अन्‌ खालचा मोहल्ला.”

“तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“आठ दिवसाआंधी सांगतलं. तुझ्या मामालेच सांगतलं. म्हाताऱ्याले काम नाही म्हणून बोलते, असं म्हणले.”

टेकचंद जमिनीकडे बघू लागला.

पाळीवर चढता चढता रुखमानं विचारलं, “ही कोणी बांधली?”

“आमच्या लोकायनं. गोंडराजानं म्हणे सांगतलं, जंगल तोडून जो तलाव बांधंल, खालची जमीन त्याची. मंग गोंडायचं राज्य गेलं, भोसल्यायचं आलं. तेही गेलं. इंग्रज आला, त्यानं नकाशे काढले, मालगुजाराले, म्हणजे गावच्या जमीनदाराले, कागद देल्ला. पण कोणाचंही राज्य असो, उन्हाळ्यात पाळीवर माती पडेच.” तो दम घ्यायला थांबला. “मालगुजार चांगला होता असं नाही. वेठीनं माती टाकायले लावे. माझ्या बापाच्या पाठीवर त्याच्या काठीचे वळ होते. एकावन्नात मालगुजारी गेली, बरंच झालं. तलाव सरकारचा झाला. लोकायले वाटलं, आता माती सरकार टाकंल. सरकारले वाटलं, लोक टाकत असतीन.”

“आमच्या पुस्तकात राज्यं बुडण्याची सात कारणं दिली आहेत. हे त्यात नाही.”

“लिवणाऱ्यानं पाळ पाह्यली नसंल,” धनीराम म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

पाण्याच्या बाजूनं पाळीला लाटांचा मार लागू नये म्हणून दगड रचलेले होते. एका ठिकाणी मात्र चांगले दहा-बारा हात दगडच नव्हते. उघड्या मातीला लाटांनी कुरतडलं होतं आणि पाण्याच्या रेषेजवळ टोपल्याएवढं भगदाड पडलं होतं. पाळीवर बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या.

“कोणी नेले हे?” देवका म्हणाली. “पाहू ना कुठे जाते गाडी.”

चाकोऱ्या पाळीवरून उतरल्या आणि फाट्याशी दोन वाटांना लागल्या. एक वाट नव्या रस्त्यावरच्या पुलियापर्यंत, म्हणजे छोट्या पुलापर्यंत, गेली. तिथे ताराचंद ठेकेदाराची माणसं तसलेच काळे, घडीव दगड बसवत होती. दुसरी वाट गावात शिरली. ती ओळखीच्या चिंचेखालून वळली आणि श्यामराव मामाच्या गोठ्यापाशी संपली. गोठ्याची भिंत नवी होती. तिच्या खालच्या थरात तेच काळे दगड होते.

टेकचंदनं भिंतीवर हात ठेवला.

“बाबा म्हणत होते, ते पडलेलेच होते म्हणून,” तो म्हणाला. “मीच गाडी हाकली होती.”

संध्याकाळी ताटावर बसल्यावर रुखमाच्या तोंडापर्यंत शब्द आले आणि परत गेले. मामी तिला वाढत होती. दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि त्याच घरच्या माणसाची चूक काढायची, हे तिला जमेना. आई असती तर तिला विचारता आलं असतं. तेवढ्यात टेकचंदच म्हणाला, “बाबा, पाळीतून गढूळ पाणी येऊन राहिलं. आपण दगड नेले तिथूनच.”

श्यामराव उपसरपंच होते. त्यांचा घास हातातच राहिला. “उद्या ओव्हरसिअर येऊन राहिला पुलियासाठी,” ते म्हणाले. “त्याले दाखवू. तो हुशार माणूस आहे.”

दुसऱ्या सकाळी जीप आली. ओव्हरसिअरनं पाळीखालचा झरा उभ्या उभ्याच पाहिला. ताराचंद ठेकेदार त्याच्या मागे छत्री घेऊन उभा होता.

“खेकड्याचं बीळ,” ओव्हरसिअर म्हणाला. “दरवर्षी असतं.”

“तेच म्हणतो मी,” ताराचंद म्हणाला. “तिथले दगड अन्‌ हे पाणी, काही संबंध नाही साहेब.”

धनीराम पुढे होऊन बोलू लागला, पण साहेब जीपकडे वळला होता. रुखमा त्याच्या आडवी गेली.

“साहेब, चहा ठेवलाय. तेवढा वेळ इथेच थांबता का?”

चहाला कोण नाही म्हणतं? देवकाच्या आईनं बांधावरच तीन दगडांची चूल मांडली होती. साहेब उपड्या टोपलीवर बसला. चहा उकळला, गाळला, कपात आला. साहेबानं दुसरा घोट घेतला, तेव्हा रुखमा म्हणाली, “आता पाण्याकडे बघा.”

झऱ्यातून निळं पाणी येत होतं. आधी एक पुसट रेघ आली, मग सगळा चिखल निळा झाला आणि ते पाणी साहेबाच्या बुटांपर्यंत पोचलं.

पाळीवरून टेकचंदनं रिकामी बादली उंच करून दाखवली. गावातल्या दुकानात कपड्यांची जेवढी नीळ होती, तेवढी कालवून त्यानं आणि देवकानं वरच्या भगदाडाशी ओतली होती.

“वरचं पाणी आहे हे,” रुखमा म्हणाली. “दगड काढले तिथलंच.”

ताराचंदची छत्री खाली आली. साहेबानं कप बांधावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. “किती वेळ लागला?” त्यानं विचारलं.

“तुमचा चहा होईपर्यंत.”

त्यानं आता पहिल्यांदा धनीरामकडे पाहिलं. “बाबा, काय करायचं?”

अठ्ठावीस वर्षांत धनीरामला असं कोणी विचारलं नव्हतं. तो क्षणभर गडबडला. मग म्हणाला, “आंधी तलाव खाली करा. तुडुमाची वरची गुडदी काढा.”

तुडुम म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडायचा दगडी मार्ग. त्याला एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येकात लाकडी गुडदी ठोकलेली असते.

“पाणी सोडलं तर बांधीतलं कापलेलं धान भिजते,” कोणीतरी ओरडलं.

“मंग आंधी ते उचला. मोहल्ल्यातल्या लेकरायलेही वर आणा. सारे या.”

देवका गावात धावली. तासाभरात बायामाणसं, म्हातारे, शाळकरी पोरं बांध्यांत उतरली आणि डोक्यावरून पेंढ्या उंचवट्यावर नेऊ लागली. टेकचंद धनीरामच्या सांगण्याप्रमाणे पाण्यात शिरला आणि त्यानं गुडदी हलवून हलवून उपटली. पाणी घुसमटत पाटात निघालं. श्यामरावांनी धोतर खोचलं, तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, आणि चिकणमाती एकत्र तुडवली आणि छातीएवढ्या पाण्यात उभं राहून ती भगदाडात दाबली. वरून मातीची पोती ठेवली. दगडांसाठी त्यांनी गाडी जुंपून आणली. ती स्वतःच्या गोठ्याची भिंत पाडून भरली होती. थोड्या वेळानं ताराचंदचीही गाडी आली.

तिसऱ्या प्रहरी रुखमा झऱ्यापाशी एकटी बसली होती. पाणी थेंबथेंब आलं, मग निवळलं, मग थांबलं.

दोन दिवसांनी भंडाऱ्याहून मोठे इंजिनिअर आले. त्यांनी चावडीसमोर तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. “आमच्या खात्याची मोठी माणसं या पाळीवरून गेली,” ते म्हणाले, “आणि त्यांना दिसलं नाही ते या मुलांनी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, सिद्ध करून दाखवलं.” त्यांनी तिघांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. मग कागद काढून विचारलं, “या तलावाची देखरेख कोण करतं?”

श्यामराव उभे राहिले.

“कोणी नाही करत जी. दगड नेणाऱ्यात मीही होतो. पोरायनं दाखवलं नसतं तर गाव वाहून गेलं असतं.” मग ते धनीरामकडे वळले. “आजपासून याचं ऐकू. सुट्टीच्या दिवशी घरटी एक माणूस माती टाकंल. वेठीनं नाही, आपल्या मनानं.”

घरी निघताना धनीरामनं रुखमाच्या डोक्यावर हात ठेवला. “तुह्या पुस्तकात लिवून टाक,” तो म्हणाला. “आठवं कारण.”

त्याच आठवड्यात जबलपूरहून पत्र आलं. क्वार्टर मिळालं होतं.

रुखमा वडिलांबरोबर निघाली तो रविवार होता. निरोपाला फाट्यावर फक्त मामी आली, कारण बाकी सगळं गाव पाळीवर होतं. बस सुटली आणि रस्ता तलावाच्या कडेनं वळला. पाळीवर माणसांची लांब रांग लागली होती आणि या हातातून त्या हातात टोपली पुढे सरकत होती. रांगेत टेकचंद आणि देवकाही असतील, पण इतक्या लांबून कोण कोणतं ते कळेना. तिनं खिडकीतून हात हलवला. कोणी वर पाहिलं नाही. सगळ्यांचे हात कामात होते. तिला रडू येत होतं, तरी ती बघत राहिली. एकामागून एक टोपली पाळीवर रिकामी होत होती. मग सागाची झाडं आडवी आली.