दोनशे अठरा ग्रॅम तेल

“तुमचं लग्न ठरलंय का हो?”

विचारलं तिने एकदाचं. रात्रपाळीचा बेकर त्या दिवशी पहिल्यांदाच दिवसपाळीला आला होता, आणि पॅकिंगच्या टेबलावरच्या तिघींनी तिच्याशी पैज लावली होती – हिंमत असेल तर एवढंच विचारून दाखव. मग काय, ही तडक भट्टीपाशी.

कोपरापर्यंत पिठात असलेल्या त्याने मान वर केली. “नाही. का, केकची ऑर्डर घ्यायचीये?”

मागे तिघी खिदळल्या. हिचे कान लालबुंद...

आणि नशीब बघा, दुपारी मालकांनी तिला त्याच्याच समोर बसवलं. दुसऱ्या गावात नवं दुकान उघडायचं होतं. तिथे सगळं काट्यावर मोजणार, आणि इथली पाककृतींची वही मात्र सगळी कपांत. त्याने कप भरायचा, तिने वजन करून ग्रॅम लिहायचे. वही संपली की तो नव्या दुकानाची भट्टी सांभाळायला जाणार.

“मैदा, एकशे वीस,” ती म्हणाली. पुन्हा भरला तर एकशे बेचाळीस. “अहो अंदाजपंचे, दाबून भरू नका ना.”

“बरं, मापाडीबाई.”

चार दिवस हेच. साखर, कोको, लोणी. पाय सुजले, पापण्यांवर पीठ बसलं, सगळे आकडे एकसारखे दिसायला लागले. तो न बोलता मैद्याचं पोतं तिच्या पायांखाली सरकवायचा. ती न बोलता आपल्या चहातला अर्धा त्याच्या कपात ओतायची. आणि आकडे जुळायचेच नाहीत. प्रत्येक जिन्नस पाच-पाच वेळा.

पाचव्या दिवशी फक्त तेल उरलं.

दोनशे अठरा. मग दोनशे पाच. मग दोनशे अकरा.

तिने पेन खाली ठेवलं. काट्याकडे बघितलं.

“मैदा दाबता येतो. साखर हलवून बसवता येते. तेल कसं हो दाबलंत?”

तो कपाच्या कडेवरून ओघळलेला थेंब बोटाने पुसत राहिला.

“कमी भरलं,” तो शेवटी म्हणाला. “मुद्दाम.”

“आणि मैदा?”

“तो मुद्दाम दाबला. पहिल्या दिवसापासून... वही संपली की मी जाणार. तुम्ही ‘परत भरा’ म्हणालात की तेवढाच अर्धा तास मिळायचा.”

“माझ्या पायांचे तुकडे पडलेत, कळतंय का? सांगायचं ना तोंडाने.”

“काय सांगायचं?”

“तेच, जे पाच दिवस कपात भरताय.”

तो हसला – दमलेलं, पिठाळलेलं हसू. “तुमच्याशिवाय मला तिथे करमणार नाही. चलाल?”

तिने कप त्याच्या हातात दिला. “काठोकाठ भरा. या वेळी खरं.”

दोनशे अठरा. तिने लिहिलं, वही मिटली, आणि तशीच मालकांच्या खोलीत गेली.

संध्याकाळी घरी आईने कोमट पाण्याची बादली पुढे ठेवली. तिने पाय बुडवले, डोळे मिटले. बाबांनी पेपर खाली केला. “संपलं का गं तुमचं मोजमाप?”

“संपलं. बाबा, आई, मी नव्या दुकानात काम घेतलंय, पुढच्या आठवड्यात जातेय. तिथे भट्टीवर जो असणार आहे ना, त्याच्याशी लग्न करणार आहे. आता फार दमलेय... काय ओरडायचं ते सकाळी ओरडा.”