मास्तरांनी वाचलेले चेहरे

"सहा वर्षं पत्ते वाटतेय काकू, आणि आज मला चोर म्हणाले!"

खासगी तपास करणाऱ्या काकूंसमोर पोकर क्लबची डीलर बसली होती. डोळ्यांत पाणी कमी, अंगार जास्त. मालकाने सकाळीच शहरातल्या सगळ्या क्लबांना कळवलं होतं, हिला कामावर ठेवू नका. आता तिला दारात कोण उभं करणार?

"पुरावा?"

"तिथे खेळायला येणाऱ्या मास्तरांनी माझा चेहरा वाचला. मी आवंढा गिळला, मानेला हात लावला. म्हणे खेळाडूंचे पत्ते मीच फोडते!"

"अस्सं! आवंढा गिळला म्हणून फाशी!" काकू ताडकन उठल्या. "अहो, चला."

"अगं, माझा चष्मा..." काका चाचपडले. सकाळी ते स्वतःच्याच चष्म्यावर बसले होते.

"राहू दे. आणि तिथे अवाक्षर काढू नका."

क्लबमध्ये दुपारचा डाव नुकताच संपला होता. मालक म्हणाला, "पत्ते फुटतायत. वाटते ही. अजून काय हवं?"

"फोडते कुणासाठी?"

"ते तीच सांगेल ना!"

काकूंनी कपाळाला हात लावला.

दातांच्या डॉक्टरीणबाई धुसफुसत होत्या. "महिनाभर हरतेय. मास्तर म्हणतात, माझा चेहरा बोलतो. पण मी पत्ते बघते तेव्हा यांची नजर टेबलावर!"

मास्तर म्हणजे देहबोलीचे वर्ग चालवणारे आणि महिनाभर टेबलावर जिंकत असलेले गृहस्थ. अंगठ्याच्या लांब नखाने ते संत्रं सोलत होते. "माणूस पत्ते बघतो तो क्षण सोन्याचा. मी चेहऱ्यावरून नजर हटवतच नाही."

काकूंनी डीलरचे हात हातात घेऊन पाहिले. नखं मुळापर्यंत कापलेली. "क्लबचा नियम आहे," ती म्हणाली.

"मास्तर, आमच्या ह्यांना वाचून दाखवा की. पत्त्यांचा कॅट दुपारचाच घेऊ. वाटते मी."

काकूंनी पत्ते पिसले, दोन-दोन वाटले. काकांनी कोपरे उचलले, डोळे बारीक केले. दोन वेळा मास्तर म्हणाले, "किरकोळ." दोन्ही वेळा बरोबर. तिसऱ्यांदा ते खुर्चीत रेलले.

"भुवई उडाली, ओठ आवळले. एक्का आणि राजा! मोठा पत्ता लपत नाही हो."

काकूंनी पत्ते उलटले. एक्का. राजा. मालकाने टाळ्या वाजवल्या.

"थांबा! अहो, काय पत्ते होते तुमचे?"

"मला काय ठाऊक?" काका म्हणाले. "चष्म्याशिवाय सगळं धुकंच."

टाळ्या थांबल्या.

"ज्याला स्वतःचेच पत्ते दिसले नाहीत, त्याच्या चेहऱ्यावर एक्का उमटला कसा?" काकू कडाडल्या. "हे चेहरा नाही, पत्त्यांची पाठ वाचतात. हात फिरवा या एक्क्यावर. कोपऱ्याशी नखाचा खड्डा. राजाला जरा खाली. मोठा पत्ता हातात आला की अंगठ्याने खूण करून ठेवायची! हिला कुठे आहेत नखं? आणि आत्ता तर पत्ते मी वाटले. शरम नाही वाटली, गरिबाच्या पोरीवर आळ घेताना?"

मास्तरांनी आवंढा गिळला. हात मानेकडे गेला.

"झालं गेलं विसर," मालक डीलरला म्हणाला. "उद्यापासून ये."

"मालक, माझा चेहरा वाचा. काय दिसतंय?"



"राग," काका म्हणाले. "मला चष्म्याशिवाय दिसतोय."

डीलरने क्लबचं नाव छापलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा मालकापुढे सरकवला. "लिहा. प्रत्येक क्लबला एक माफीपत्र. मी उभी आहे इथे."