चमच्यांची पक्षीण

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक लांबट शेड. उंच खिडकीतून तिरपं ऊन येतंय, तापलेल्या लोखंडाचा वास दरवळतोय, आणि मधोमध एक झाड उभं आहे. खोड जुन्या पाइपांचं, पानं कापलेल्या पत्र्यांची. फांदीवर एक पक्षीण. पंख चमच्यांचे, चोच पकडीची, डोळे दोन नटांचे. लागलं दिसायला? आता झाडाशेजारी उलट्या डब्यावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी बघा. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. डब्यावर मात्र ती तासन्‌तास बसे, कारण समोर तिचे आजोबा भंगारातून झाडं-पाखरं घडवत.

वेल्डिंगचा लखलखाट उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो. म्हणून लोखंडाला वेल्डिंगची कांडी टेकवण्याआधी आजोबा ओरडत, "डोळे!" आणि काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढत. ठिणगी पाठ फिरवून डोळे गच्च मिटून घेई. आजोबा "झालं" म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. आणि टाका घालून नुकत्याच जोडलेल्या, तापलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. शेडमधले नियम एवढेच.

सोमवारी आजोबा "झालं" म्हणाले, आणि पाहतात तो पक्षिणीची मान भिंतीकडे वळलेली.

"ठिणगे, मान कुणी फिरवली?"

"मी नाही, आजोबा."

"मग नव्या नवरीसारखी आपणच मुरडली वाटतं!"

हसतहसत त्यांनी टाका घासून काढला, मान सरळ केली, पुन्हा पक्की जोडली. मंगळवारी एका पानाला टाका घालून मुखवटा वर केला, तर मान परत भिंतीकडे. आता ते हसले नाहीत.

"हात भाजला असता तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? उद्यापासून घरीच बस."

ठिणगीचे डोळे डबडबले. भाजलं असतं तरी चाललं असतं, पण तो डबा सुटणार होता. आणि आजोबांना ती खोटारडी वाटत होती.

"आजोबा, मान सरळ करा. आणि माझा हात धरून ठेवा. दोन्ही हात."

आजोबांनी टाका घासून काढला. मग मान नीट जोडली, गार होऊ दिली. मुखवटा ओढून डाव्या मुठीत तिची दोन्ही मनगटं धरली, उजव्या हाताने कांडी एका पानाकडे नेली.

"डोळे!"

चर्रर्र. जळका वास.

"झालं."

मान भिंतीकडे होती.

आजोबांनी टाक्यावरून नख फिरवलं. कुठेही तडा नव्हता. दुसरा डबा ओढून ते तिच्याशेजारी बसले.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "पण ही बघतेय तरी कुठे?"

नजरेच्या रेषेत फळी होती. फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, स्क्रूंचं रिकामं खोकं. त्यात लेथ यंत्रावर निघालेल्या लोखंडाच्या कुरळ्या किसाचं गोल, घट्ट विणलेलं घरटं. घरट्यात बेअरिंगचे तीन छर्रे.

"तुम्ही विणलंत?"

"एवढी बारीक बोटं कुठे राहिलीत माझी?"

'तू विणलंस का?' असं आजोबांनी ठिणगीला मात्र विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाड दवाखान्याच्या अंगणात जायचं होतं. ट्रक आला. आजोबांनी पक्षीण फांदीवरून हळूच कापून काढली आणि खोक्याशेजारी ठेवली.

"आजोबा, फांदी बोडकी दिसतेय की," ट्रकवाला म्हणाला.

"दिसू दे. तिला घरी काम आहे."

माणसं झाड घेऊन बाहेर गेली. मागोमाग आजोबाही, "अरे, पानं सांभाळा" म्हणत. शेडमध्ये ठिणगी एकटी उरली. डब्यावर चढून तिने घरट्यात बोट घातलं.

पहिला छर्रा गार होता.

दुसराही.

तिसरा कोमट होता. तिने तो तळहातावर घेतला. आतून काहीतरी टोकरलं. एकदाच.

ठिणगीने तो अलगद घरट्यात ठेवला. डब्यावरून उतरली, पाठ फिरवली, आणि अगदी आजोबांच्या आवाजात म्हणाली, "डोळे!"

मग तिने डोळे गच्च मिटले, आणि "झालं" कोण म्हणतं याची वाट पाहत उभी राहिली.