फायबरची विहीर

त्या दिवशी मी फक्त डबा द्यायला गेले होते.

शहागडच्या अलीकडे महामार्गाखालून आमच्या वस्तीकडे बोगदा येतो. त्याच्या तोंडाशी पंपाची खोली आहे. आई तिथल्या ऑपरेटरला, मिथुनदादाला, डबा द्यायची. दुसऱ्या दिवशी आम्ही मंठ्याला मामाकडे कायमचे राहायला जाणार होतो, म्हणून तो शेवटचा डबा होता.

खोलीसमोर जमिनीत फायबरची हिरवी विहीर पुरलेली आहे. वरून दिसतं ते फक्त झाकण आणि गोल कडा. महामार्गावरचं पावसाचं पाणी गटारांतून तिच्यात उतरतं आणि आतले पंप ते उपसून नाल्यात टाकतात. पंप थांबले की बोगदा तुंबतो. आधी हे काम माझे पप्पा करायचे.

पप्पांची एक रीत होती. विहिरीत आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. म्हणून आतलं काम संपलं की ते पान्याने भिंतीवर दोनदा ठोकायचे. म्हणजे, वर कोण आहे? मी तळहाताने कडेवर थाप द्यायची. म्हणजे, मी आहे, या. कुणी तरी न पाहता झाकण लोटलं होतं एकदा, तेव्हापासून थाप ऐकल्याशिवाय ते शिडीवर पाय ठेवत नसत. बाहेर पडताना माझ्या डाव्या खांद्यावर हात टेकवायचे. शिडीजवळचं फायबर घासून खडबडीत झालेलं. त्याची बारीक चमकती कुसळं त्यांच्या हातावरून माझ्या खांद्यात शिरायची. घरी आई आम्हा दोघांना खोबरेल तेल लावायची. "बाप तशी लेक. दोघंबी साळिंदरं!" म्हणायची.

मागच्या पावसाळ्यात पप्पा एकटेच उतरले. सोबतचा माणूस सुट्टीवर होता, मी शाळेत होते. आतली हवा बिघडलेली होती. ते शिडीच्या पायथ्याशी बसलेले सापडले, हातात पाना धरून. लोक म्हणाले, लगेच वर चढले असते तर वाचले असते. चढले का नाहीत, ते लोकांना कळलं नाही. मला कळलं.

मी पोचले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. उजेड उतरत होता. ओला चिखल, डिझेल आणि कुजक्या पाल्याचा वास येत होता. वरून ट्रक गेला की बोगद्यातलं पाणी थरथरायचं.

"आज तरी मीठ टाकलंय का तुह्या मायनं?" मिथुनदादाने विचारलं.

"काल तुमीच दोन भाकरी जास्त खाल्ल्या," मी हळूच म्हणाले.

तो हसला. मग म्हणाला, "शीतल, जरा थांबतेस का? फ्लोटचा गोळा अडकलाय. तो वर उचलल्याबिगर पंप चालू व्हत न्हाई. माझ्या जोडीचा सोमेश्वर गेलाय अडकलेली जीप ढकलायला. तू नुस्ती दोरी धर."

त्याने वीज बंद केली, झाकण उघडलं, हवा खेळू दिली. अपघातानंतर मिळालेलं वायू ओळखायचं यंत्र आधी दोरीने खाली सोडून पाहिलं. ते गप्प राहिलं. मग कमरेला दोरी बांधून तो उतरला. गोळा सोडवला, "येतोय, येतोय" ओरडतच वर आला आणि दोरी सोडून कडेवर बसला.

तेव्हा खालून आवाज आला.

टक्... टक्.

"पाइपात हवा असंल," तो म्हणाला. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पंप तर बंद हाये..."

त्याने बॅटरीचा झोत आत टाकला. काळं पाणी, शिडी. बाकी काही नाही.

टक्... टक्.

"मिथुनदादा, पप्पा असंच..."

"गप. पाऊस आला की येतो हा आवाज. मी कामाला लागलो तवापासून येतो."

"मंग तुमी काय करता?"

"काय करनार... झाकण लावतो."

वर्षभर ते खालून विचारत होते आणि वरून झाकण लागत होतं. उद्या मी मंठ्याला गेल्यावर त्यांना उत्तर देणारं इथे कुणीच उरणार नव्हतं.

मी हात उचलला. त्याने माझं मनगट पकडलं.

"नको, शीतल... जे वर येईल, ते तुहा बापच राहील का... कुणाला ठाऊक?"

त्याचा हात थंड पडला होता. माझाही. खालून पुन्हा ठोकलं, पण यावेळी अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं.

मी दुसऱ्या हाताने थाप दिली.

सगळं शांत झालं. मग शिडी करकरली. खालची पायरी. त्यावरची. सावकाश, एकेक. मिथुनदादाने झोत टाकला. पायऱ्या रिकाम्या होत्या, पण एकेका पायरीवरून पाणी निथळत होतं. मघाशी गप्प असलेलं यंत्र एकाएकी चिरकू लागलं. मिथुनदादा मागे सरकला. मी सरकले नाही.

डाव्या खांद्यावर वजन आलं. क्षणभर. मग यंत्र थांबलं.

मिथुनदादाने वीज चालू केली. पंप घरघरले. बोगद्यातलं पाणी उतरायला लागलं.

मंठ्याला पोचल्यावर माझा खांदा खाजत होता. आईने दिव्याखाली पाहिलं. बारीक कुसळं चमकत होती.

"आत उतरली व्हतीस तू?"

"न्हाई."

तिने तेल आणलं.

मिथुनदादाचा फोन येतो. तिकडे आता पाऊस पडला तरी काही वाजत नाही म्हणतो. इकडे आई रोज संध्याकाळी माझ्या खांद्यातली कुसळं काढते, सगळी. दुसऱ्या दिवशी नवी असतात.

काल ती भाकरी थापत होती. मधेच थांबली आणि पदर सारून स्वतःचा खांदा खाजवू लागली. मग तिने हात खाली घेतला, त्या खांद्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले. तव्यावरची भाकरी करपली. बऱ्याच वेळाने तिने तेलाची बाटली काढली, हातात धरली, आणि न लावताच परत फळीवर ठेवली.