दात पाडलेली कॅसेट

"सुके, कपाट रिकामं! अख्खं रिकामं!"

धम्मानंदची आरोळी ऐकली आणि सुकेशनीच्या हातातला रंगाचा ब्रश धपकन बादलीत पडला. दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता, घराला रंग द्यायचं काम निघालं होतं आणि तिच्या दहा वर्षांच्या भावाला, धम्मानंदला, कारण नसताना बोंबलायची सवयच होती. पण या वेळी गडी खरं बोलत होता! मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट सताड उघडं होतं आणि आत एकही कॅसेट नव्हती.

आता हे कपाट म्हणजे काय साधंसुधं कपाट नव्हे. ते त्यांच्या आजोबांचं, पंडित आबांचं होतं. तीस वर्षांपूर्वी पेडगावात एफएम रेडिओ ऐकू यायला लागला, तेव्हापासून आबा रेडिओवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घ्यायचे. गाणी नव्हेत हं! गाणी काय, कुठंही मिळतात. आबांना हवी असायची माणसं. बोंडअळीला शिव्या देणारा शेतकरी, फर्माईश सांगताना स्वतःचंच नाव विसरलेला पोरगा, लोणच्याची कृती सांगताना मीठ घालायचं विसरलेल्या बाई! आता आबा एकेक कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून 'जुने आवाज' नावाच्या ग्रुपवर टाकत होते, आणि बोलणाऱ्याला हुडकून त्याचा आवाज त्याला नेऊन देत होते. "ज्याचा आवाज त्याला!" हा त्यांचा एकुलता एक नियम.

तेवढ्यात शेजारची अबोली धापा टाकत आली. ती सुकेशनीच्याच वर्गातली, सातवीतली.

"काढली का कॅसेट? परवा बारसं आहे गं!"

सुकेशनीनं नुसतं कपाटाकडे बोट दाखवलं. अबोलीचा चेहरा खर्रकन उतरला.

अबोलीला नुकतीच एक बहीण झाली होती. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणायचा तो अबोलीच्या पणजीनं, चांगुणाबाईनं. पण यंदाच्या पावसाळ्यात पणजीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज. स्वतःच्या पणतीच्या बारशाला आपल्याला गाता यायचं नाही, म्हणून म्हातारी आठ दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. खूप वर्षांपूर्वी ती बायांबरोबर जीपनं शहरात जाऊन रेडिओवर पाळणा गाऊन आली होती. ती तिकडं गात होती तेव्हा इकडं आबांनी तो कॅसेटवर घेतला होता. आबांनी कितीदा तरी तो ऐकवायला बोलावलं, पण पणजी हसायची. "मला कशाला रं माझा आवाज? गळ्यात हाय की!" आता तो गळ्यात नव्हता. होता तो फक्त या कपाटात, आणि कपाट हे असं!

"काका!" तिघंही एका सुरात ओरडली.

शिडीवरून पप्पूकाका उतरला. नाकाला पिवळा रंग लागलेला, चेहऱ्यावर शाबासकी मिळणार अशी खात्री.

"कॅसेटा? वाटून टाकल्या की! आबा काय म्हणतेत? ज्याचा आवाज त्याला! लेबलावर गावाची नावंच व्हती. पोखर्णी एक, पोखर्णी दोन, झरी एक, झरी दोन... मग पोखर्णीच्या दिल्या पोखर्णीच्या भजनी मंडळाला, झरीच्या दिल्या झरीच्या अप्पारावला. कपाटबी मोकळं, पुण्यबी लागलं!"

"काका, त्यातच पणजीचा पाळणा होता!"

पप्पूकाकाच्या हातातला ब्रश गळून पडला. मग तो खालीच बसला. "सुके, माझी माय, आबांना सांगू नको. उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. तुझ्या आजीनं बजावलंय, डोक्याला बिलकुल ताप द्यायचा न्हाई."

सुलाबाई आजी आबांबरोबर परभणीच्या दवाखान्यात होती. दोघं रविवारी सकाळी परतणार आणि बारसं दुपारी. म्हणजे हातात दोनच दिवस!

"नाही सांगत," सुकेशनी म्हणाली. "पण तुझा ॲपे काढ. आत्ताच्या आत्ता!"

"पणजीचं माहेर पोखर्णीचं," अबोली तीनचाकी ॲपेत चढता चढता म्हणाली. "म्हणजे पोखर्णीच्याच कॅसेटमध्ये असणार!"

पोखर्णीत भजनी मंडळाच्या केशरबाईंनी त्यांना पाहिल्या पाहिल्या कपाळावर हात मारला.

"अगं बाई, तुमीच का ते कॅसेटवाले? काल आमी बाया टाळ घिऊन बसलो. म्हटलं नरसिंहाचं जुनं भजन ऐकावं, दोन चाली शिकाव्यात. बटण दाबलं, आन् आतून कोण बोलला? तुरीवरच्या अळीचा माणूस! दुसरी लावली, त्यात गाभण म्हशीची निगा! आमच्या पोखर्णीचा एक सबुद न्हाई. घिऊन जावा बाबांनो. अन् लाडू खाऊन जावा."

लाडू झकास होता. पण कॅसेटांनी निराशा केली. संध्याकाळभर तिघांनी आबांच्या टेपवर सगळ्या चौदा कॅसेटा थोड्या थोड्या ऐकल्या. अळ्या, खतं, म्हशी, शेळ्या! पणजीचा पत्ता नाही.

"गंमतच आहे," सुकेशनी पुटपुटली. "लेबल पोखर्णी, आणि आत पोखर्णीचं काहीच नाही. आबा असं उगीच कशाला लिहितील?"

"म्हातारपण," धम्मानंद म्हणाला.

"तीस वर्षांपूर्वी कसलं आलंय म्हातारपण, बावळटा!"

शनिवारी सकाळी पप्पूकाका गच्चीचा कठडा रंगवायला निघाला. सुकेशनी त्याच्यामागे पाण्याची बादली घेऊन गेली आणि जागच्या जागी थांबली. कठड्याच्या मधोमध एक जुना लोखंडी पाइप उभा होता. त्याच्या बुडाशी डांबरानं दोन बाण काढलेले होते. एका बाणावर लिहिलं होतं: 'पोखर्णी. सकाळ. शेती.' दुसऱ्यावर: 'झरी. दुपार. बाया.' आणि पप्पूकाकाचा ब्रश दुसऱ्या बाणापासून वीतभर अंतरावर!

"काका! ब्रश खाली ठेव!"

"आता काय केलं मी?"

"अजून काही नाही, म्हणून तर ओरडले! अबोली, धम्मा, पळा, वर या!"

दोघं धावत आली. सुकेशनीला बोलायला दम निघेना. "या पाइपवर आबांच्या रेडिओचा एरियल असायचा! लांबचं केंद्र लागावं म्हणून ते हा फिरवायचे. सकाळचं शेतीचं केंद्र लागायचं पोखर्णीकडे तोंड केलं की, आणि दुपारचं बायकांचं केंद्र झरीकडे तोंड केलं की. लेबलावर आतलं गाव नाहीच मुळी! एरियल कुठल्या दिशेला होता, ते लिहिलंय!"

"म्हणजे पणजी झरीत!" अबोलीनं टाळीच वाजवली.

पप्पूकाकानं डोकं खाजवलं, त्यामुळे डोक्यालाही रंग लागला. "आन् मी येड्यावानी गावं वाटत फिरलो," तो म्हणाला आणि न सांगता ॲपेची किल्ली आणायला पळाला.

झरीचा अप्पाराव म्हणजे मंडप आणि लाउडस्पीकरवाला. मोठ्या मिशा, त्याहून मोठा आवाज. मुलं पोचली तेव्हा तो ओट्यावर बसून कॅसेटांवर चिकटपट्टीचे तुकडे लावत होता. त्याच्या भोंग्याच्या रिक्षेत अजून जुना टेपच होता.

"परत?" अप्पाराव गरजला. "दिलेली चीज परत मागतेत व्हय? त्यात आमच्या झरीचं एक अक्षर न्हाई. पण कॅसेट चांगली हाय. त्येच्यावर मी दिवाळीच्या कपडा सेलची जाहिरात भरायलोय. आता ह्या दोन नंबरावर सुरुवात!"

त्या चिकटपट्टीचा अर्थ सुकेशनीला बरोबर ठाऊक होता. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की टेपचं रेकॉर्डिंगचं बटण दबतच नाही, आणि आतलं कुणाला पुसता येत नाही. आबा प्रत्येक कॅसेट भरली की तिचे दात पाडायचे. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की टेप फसतो! अप्पारावनं नेमकं तेच केलं होतं.

पप्पूकाका पुढे होऊन भांडायला लागला. सुकेशनीनं त्याची बाही ओढली आणि अबोलीला डोळा मारला. अबोली काय समजायचं ते समजली.

"अप्पाकाका, जाहिरात तुम्ही स्वतः बोलणार?" तिनं डोळे मोठे केले. "एकदा म्हणून दाखवा ना! तुमचा आवाज पार परभणीपर्यंत जातो म्हणे!"

"कोण म्हणलं?" अप्पारावनं मिशीवरून हात फिरवला.

"सगळेच म्हणतात!" धम्मानंदनं ठोकून दिलं.

मग काय विचारता! अप्पाराव उभा राहिला, छाती फुगवली, डोळे मिटले. "या या या! साडी बघा, धोतर बघा, पोराचा सदरा बघा..." समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. तेवढ्यात सुकेशनीनं 'झरी २' उचलली, नखानं दोन्ही चिकटपट्ट्या खरवडल्या आणि कॅसेट होती तिथं ठेवली. नखात अजून चिकटपट्टी अडकलेली!

अप्पारावनं कॅसेट टेपमध्ये घातली आणि लाल बटण दाबलं. बटण दबेना. दोन अंगठ्यांनी दाबलं. छे!

"मशीनच बिघडलं की! मघा तर चांगलं व्हतं!"

"काका, मशीनचं वय झालं," सुकेशनी गंभीरपणे म्हणाली. "मी मोबाईलवर भरते, पेनड्राइव्हमध्ये घालून देते. कावळेसुद्धा उडाले एवढा दणदणीत आवाज, तो त्या खरखरीत टेपमध्ये वाया कशाला घालवायचा?"

अप्पाराव विरघळला. जाहिरात तीनदा भरली गेली, कारण दोनदा त्याला स्वतःचंच हसू आवरेना. निघताना झरीच्या सगळ्या कॅसेटा त्यानं ॲपेत ठेवल्या, आणि वर पोरांसाठी गुलाबजामचा डबा दिला. तेव्हा मात्र सुकेशनीला राहवलं नाही. तिनं चिकटपट्टीची गोष्ट सांगून टाकली आणि कानाची पाळी धरली. अप्पाराव क्षणभर बघत राहिला.

"मला फसवलंस? ह्या अप्पारावाला?" आणि तो मिशा उडवून असा हसला की डब्याचं झाकण हललं. "उद्या बारशाला माझा स्पीकर फुकट! सांग पंडितरावाला."

घरी आल्या आल्या त्यांनी कॅसेटा लावायला घेतल्या. 'झरी १'मध्ये नुसती लोणची; मग 'झरी २' लावली. खरखर, मग एकदम आवाज. भरदार, उघडा, मातीतला.

"काळ्या रानाचा कापूस, त्याची गं मऊ गादी..."

अबोलीच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "पणजी! ही पणजी आहे!"

आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीलाच आवाज गायब! दोन क्षण काहीच नाही. मग ओळ अर्ध्यातून सुरू: "...निजली पाळण्यात, झोका आत्याचा आधी." पुढच्या कडव्यातही नेमक्या त्याच जागी भोक.

सुकेशनीनं घाबरून टेप बंद केला. "पुसलं गेलं! अप्पाकाकांनी आधीच कुठं तरी दाबलं असणार!"

"लाव की पुढं," धम्मानंद म्हणाला.

"नको! आणखी काही बिघडलं तर?"

त्या रात्री तिघांनाही गुलाबजाम गोड लागले नाहीत.

रविवारी डोळ्यावर पट्टी बांधलेले आबा आले. सुकेशनीनं एका दमात सगळं सांगितलं, भोकाचंही. आबा मिशीतल्या मिशीत हसल्यासारखे वाटले. "लाव बारशात तशीच," एवढंच म्हणाले.

अबोलीच्या अंगणात बाया जमल्या. पाळणा फुलांनी सजला होता. चांगुणाबाई कोपऱ्यात खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. अबोलीच्या मंजुषाआत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं: सृष्टी! सुकेशनीनं देवाचं नाव घेण्याऐवजी आबांचं घेतलं आणि बटण दाबलं.

"काळ्या रानाचा कापूस, त्याची गं मऊ गादी..."

अप्पारावच्या स्पीकरमधून आवाज अंगणभर झाला. चांगुणाबाईनं झटकन मान वर केली. स्वतःचा तो आवाज ती आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकत होती! तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. आणि ते भोक आलं. सुकेशनीनं डोळे गच्च मिटले.

"सृष्टी," कुणीतरी कुजबुजलं.

"...निजली पाळण्यात, झोका आत्याचा आधी," स्पीकर म्हणाला.

कुजबुजणारी चांगुणाबाईच होती! पुढच्या कडव्यात भोक आलं तेव्हा ती खुर्चीवरून उठली होती आणि तिच्याबरोबर सगळ्या बाया म्हणाल्या, "सृष्टी!" तिसऱ्याला तर पोरंटोरं, पप्पूकाका आणि अप्पारावसुद्धा. कावळे उडाले, पण बाळ झोपलं!

पाळणा संपला आणि कॅसेटमधली निवेदिका म्हणाली, "चांगुणाबाई, तुम्ही मध्ये मध्ये थांबत का होता?"

"बाई, इथं लेकरू कुठं हाय?" तरुण चांगुणाबाई हसत म्हणाली. "मग नाव कुणाचं घेऊ? जागा ठिवली. ज्येच्या घरी वाजंल, त्येनं आपल्या लेकराचं नाव घालावं."

अबोली पणजीला जाऊन बिलगली. म्हातारी रडत होती आणि हसतही होती. मग तिनं सुकेशनीला जवळ ओढलं, तिच्या गालावरून बोटं फिरवून ती कडाकडा मोडली आणि त्या बसक्या आवाजात म्हणाली, "पोरी, तू माझा गळा आणून दिलास गं."

आबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी तीस वर्षं दात पाडले, पण कॅसेट वाचवली तुमी! लय हुशार लेकरं." सुलाबाई आजीनं पप्पूकाकाकडे फक्त एकदा पाहिलं, आणि तो आपणहून म्हणाला, "सगळ्या कॅसेटांवर नवी लेबलं मीच लावतो. आत काय हाय ते ऐकून!"

संध्याकाळी सुकेशनीनं पाळणा 'जुने आवाज'वर टाकला. रात्रीच्या जेवणाआधीच सेलूहून एका बाईंचा आवाजी संदेश आला. त्यांनी पाळणा लावून त्या जागी स्वतःच्या लेकीचं नाव म्हटलं होतं. मग जिंतूरहून एक, गंगाखेडहून एक. अबोलीनं फोन पणजीच्या कानाशी धरला. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी लेकरासाठी चांगुणाबाई गात होती.

"ऐक गं बाई," पणजी कुजबुजली, "किती ठिकाणी गायलेय मी!"