उलट्या पावलांनी

जव्हार स्टँडवरून दाभोशाला निघालेल्या जीपमध्ये एकच जागा उरली होती, आणि तिथं नरसिंह बसला होता.

लालभडक तोंड, बाहेर आलेले सुळे, लोंबती जीभ. चैतीनं सवयीनं हात जोडले. मग तिनं देवाच्या शेजारच्या पोराकडं पाहिलं. किडकिडीत, कुरळ्या केसांचा, आणि दहाही बोटांना निळा रंग.

“देवाचं तिकीट काढलंस का?” तिनं विचारलं.

“देवाचं काढलंय. माझंच राहिलंय.”

“मग देव बसू दे. तू टपावर जा.”

“जातो की... पण याला मांडीवर कोण घेणार? कानाचा रंग ओला हाय अजून.”

घेतला तिनं. सगळा रस्ता, प्रत्येक खड्ड्याला, नरसिंहाची जीभ तिच्या गुडघ्यावर आपटत होती, आणि टपावरून तो पोरगा खाली वाकून विचारत होता, “बरा हाय ना?” देव बरा आहे की ती, हे त्यानं स्पष्ट केलं नाही. उतरताना तिच्या ओढणीला निळा डाग पडला होता. तो डाग पुढं गेलाच नाही. म्हणजे गेला नाही, की तिनं घालवला नाही, ते तिचं तिला ठाऊक.

पोराचं नाव गोरख. मोखाड्याचा, मुखवटे करणारा. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि रंग एवढ्यावर तो गावोगावच्या बोहाड्याला देव पुरवायचा. चैत्रात बोहाडा भरला की मुखवटे चढवलेली सोंगं संबळाच्या तालावर नाचत येतात. सोंग म्हणायला देव असतं, पण आतल्या माणसाला नाकपुडीच्या भोकातून फक्त स्वतःचे पाय दिसतात. म्हणून प्रत्येक सोंगापुढं कुणीतरी पेटता टेंभा धरून, सोंगाकडं तोंड करून, उलट्या पावलांनी चालतं. चैतीच्या गावात हा मान तिच्या घराचा. बापाचा गुडघा धरला त्या वर्षापासून टेंभा तिच्या हातात आला. बापानं तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. मागं बघायचं नाही. आणि एकदा टेंभा धरला की मुखवटा उतरेपर्यंत सोडायचा नाही.

त्या चैत्रात बोहाड्याला गोरख आला, तो नरसिंह बघायला नव्हे, हे चैतीच्या तेव्हाच ध्यानात आलं. त्याची नजर तिच्या उलट्या पावलांवरून हलत नव्हती.

“मागं बघत नाहीस? पडत नाहीस?” त्यानं नंतर विचारलं.

“मी मागं बघितलं तं पुढचा पडंल.” मग तिला खोडी काढावीशी वाटली. “तू एवढे मुखवटे करतोस, कधी घातलास एखादा?”

“नाय.”

“का रे?”

“आत अंधार असतो,” तो खाली बघत म्हणाला. “भ्या वाटतं.”

हसू आलं तिला, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी हललंही.

त्यानंतर गोरखच्या पायाला भिंगरी लागली. एकदा नरसिंहाचा सुळा बघायला आला. एकदा पट्टी सैल झाली का म्हणून. एकदा तर चिंचोके न्यायला आला, जसं काही मोखाड्यात चिंचेचं झाडच नाही. दरवेळी चहा प्यायचा, रंगांवर तासभर बोलायचा, आणि उठताना म्हणायचा, “चैती, एक बोलायचं होतं...” ती थांबायची. तो चप्पल शोधायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं! तो गेला की चैतीला काही सुचत नसे. भात सडता सडता हात थांबायचा, पाण्याला गेली की हंडा भरून वाहायचा.

आणि मग कार्तिकात तो तीन पास घेऊन आला.

मुंबईत शंभर वर्षांच्या जुन्या थिएटरात एक मोठं संगीत नाटक लागणार होतं. त्यातल्या वनराजाचा मुखवटा गोरखनं केला होता. “तू ये,” तो चैतीला म्हणाला. मग घाईनं, “मावशीला पण आण.”

मावशी म्हणजे रखमी. बापाची अट होती की रखमीशिवाय जायचं नाही. पहाटेची एसटी, दोन गाड्या बदलल्या, आणि दुपारच्या खेळाला तिघं थिएटरच्या दारात उभी राहिली.

चैतीनं मान वर केली आणि ती खाली यायलाच तयार होईना. छताला सोनेरी वेलबुट्टी, भिंतीत अर्धगोल सज्जे, त्यात राजेराण्या बसाव्यात अशा खुर्च्या, मधोमध काचेचं झुंबर. “एवढं छत झाडतं कोण?” रखमीनं विचारलं, आणि लाल मखमली खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

खेळ सुरू झाला. मंचापुढच्या खड्ड्यात चाळीसेक वादक. पोरी पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून अशा तरंगत गेल्या की चैतीनं स्वतःचा अंगठा चपलेत दाबून पाहिला. मग पांढऱ्या झग्यातली एक बाई एकटीच पुढं आली आणि गायला लागली. तिची भाषा कळत नव्हती. पण तो आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एका जागी असा थांबला की चैतीच्या अंगावर काटा आला. ती बाई कुणाचीतरी वाट बघत होती, हे कळायला भाषा कशाला हवी?

शेजारची गोरखची खुर्ची मात्र सारखी रिकामी व्हायची. तो आत जायचा, परत यायचा, बोटं मोडायचा. चैतीचाही जीव थाऱ्यावर नव्हता. आज तरी बोलेल का हा?

मध्यंतरात बोलला. पण भलतंच.

“हे नाटक दौऱ्यावर जातंय. दिल्ली, बंगलोर, कुठं कुठं... वर्षभर. मुखवट्याची डागडुजी करायला मी पाहिजे म्हणतात. नाटक बसवणाऱ्या उज्ज्वला मॅडमना आजच सांगायचंय, खेळ संपला की.” त्यानं जिन्याच्या कठड्यावर नख घासलं. “जाऊ का?”

वर्षभर! आणि हे आज सांगतोय, इथं, वड्याच्या रांगेत?

“जा की,” ती म्हणाली. “मला काय विचारतोस? मला काय!”

गोरखचं तोंड असं उतरलं की तिला लगेच शब्द परत घ्यावेसे वाटले. पण तोंडातून गेलेला शब्द आणि कड्यावरून सुटलेला धोंडा... तेवढ्यात आतून कुणीतरी धावत आलं, “गोरख, लवकर चल, घोटाळा झालाय!” आणि तो गेला. खुर्चीवर परत आलाच नाही.

दुसरा अंक सुरू झाला. चैतीला मंचावरचं काही दिसेना. तिनं झुंबराचे दिवे मोजले, मंचाच्या पायऱ्या मोजल्या, पुन्हा दिवे मोजले. ओढणीचं टोक पिळून पिळून दोर केला. मला काय! असं कुणी बोलतं का? आता खेळ संपणार, तो मॅडमना हो म्हणणार, आणि पुढच्या चैत्रात...

“स्वस्थ बस गे,” रखमी पुटपुटली. “खुर्चीत मुंग्या हायत का?”

इतक्यात सगळे दिवे गेले. खड्ड्यातून मोठा ढोल घुमला. पांढऱ्या झग्यातल्या बाईनं प्रेक्षकांच्या मागच्या दाराकडं हात केले. वनराजा यायचा होता. मधल्या वाटेनं, लोकांतून, थेट मंचावर. त्यानं गायचं नव्हतं, फक्त चालत यायचं होतं.

दार उघडलं. फिकट उजेडात तो भलामोठा मुखवटा आत आला. शिंगं, पानं, रागीट भुवया. लोक पुटपुटले. वनराजा दोन पावलं चालला, थांबला, एका खुर्चीला धडकला. कुणीतरी हसलं.

चैतीनं त्याच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी पाय. आणि डाव्या अंगठ्यावर निळा रंग.

घोटाळा म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. नट पडला होता कुठंतरी, आणि एवढं ओझं मानेवर घ्यायला मुखवटा करणाराच उरला होता. अंधाराला भिणारा गोरख त्या अंधारात शिरला होता, आणि त्याच्यापुढं टेंभा नव्हता!

पुढचं तिनं ठरवून केलं नाही. पाय आपोआप उठले. मावशीच्या गुडघ्यावरून उडी घेऊन ती वाटेत उतरली, मोबाइलची बत्ती लावली, ती गुडघ्याशी धरली आणि मुखवट्यापुढं उलटी चालू लागली.

“कोण हाय?” मुखवट्यातून घुसमटलेला आवाज आला.

“कोण असणार! उजेडावर पाय ठेव.”

“चैती... मला काय पण दिसत नाय.”

“तुला कधी दिसलंय! डावीकडं. हां. आता सरळ.”

पाय सुधारले. ढोलाला लय सापडली. दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, पण चैतीनं ना इकडं पाहिलं ना तिकडं. मागं तर नाहीच.

“एक बोलायचं होतं,” मुखवटा म्हणाला.

“आता?”

“आत बरं हाय. माझं तोंड दिसत नाय तुला, म्हणून जमतंय.” दोन पावलं पुढं पडली. “मोखाड्यात चिंचा हायत गे. दाराशीच झाड हाय. मी चिंचोक्याला नव्हतो येत... मला तू पाहिजेस.”

बत्ती हलली. उजेडाचं वर्तुळ डगमगलं, पण तिनं ते लगेच सावरलं.

तिच्या टाचेला लाकूड लागलं. “पायरी आली,” ती म्हणाली. “पाच हायत. उचल.”

गोरखनं पाय उचलला नाही.

ढोल वाजत राहिला. वादकांनी त्याच ओळी परत वाजवल्या. मग पुन्हा. पांढऱ्या झग्यातली बाई हात पसरून ताटकळली.

“गोरख, चढ!”

“मगाशी म्हणालीस, मला काय. खरं सांग, मग चढतो.”

“अरे, लोक बघतात!”

“मला नाय दिसत.”

चौथ्यांदा तीच ओळ. एक वादक मान उंचावून बघू लागला. चैतीला हसू आणि रडू एकदमच आलं.

“मला काय नाय, असं नाय. मला लय काय हाय!” ती म्हणाली. “दौऱ्यावर जा. पण चैताला बोहाड्यात परत ये. आणि जायच्या आधी बापाला येऊन विचार, चिंचोक्याचं नाव न काढता. आता चढतोस का—”

तो चढला. एक... दोन... पाचही पायऱ्या, न चुकता.

पडद्याआडून उज्ज्वला मॅडम हातवारे करून तिला बोलावत होत्या. चैती हलली नाही. मुखवटा उतरेपर्यंत टेंभा सोडायचा नसतो. शेवटचं गाणं होईपर्यंत ती मंचाच्या कडेला बत्ती धरून उभी राहिली, आणि लोकांना वाटलं हे नाटकातलंच आहे. टाळ्यांच्या गजरात गोरखनं मुखवटा उतरवला. घामानं निथळत होता. एवढ्या सगळ्या माणसांत त्यानं फक्त तिच्याकडं पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली. मुखवटा गेला, की बोलणं गेलं!

“कुणी सांगितलं तुला असं करायला?” उज्ज्वला मॅडमनी आत गेल्यावर विचारलं. रागावल्या होत्या, पण पुरत्या नाही. “आता हे रोज लागणार मला. येशील दौऱ्यावर?”

“घरी गुरं हायत, भात झोडायचाय. तुमच्या माणसाला शिकवून देते. मागं बघायचं नाय, एवढंच असतं.”

“आणि गोरख, तू?”

“येतो,” गोरख म्हणाला. “पण बोहाड्याचे आठ दिवस तुमचे नायत. आणि निघायच्या आधी दोन दिवस दाभोशाला काम हाय.”

बाहेरच्या रुंद संगमरवरी जिन्यावर सगळे दिवे लागले होते. रखमीनं पदर खोचला आणि इतका वेळ तोंडात धरलेला प्रश्न बाहेर काढला.

“भर थिएटरात उठून गेलीस. एवढ्या लोकांदेखत त्याच्यापुढं चाललीस. तुझ्या बापाला काय सांगू मी?”

चैतीनं ओढणी सारखी केली. निळ्या डागाची बाजू वर आली.

“सांग, टेंभा धरलाय,” ती म्हणाली. “आता मध्येच सोडत नाय.”

मागून येणाऱ्या गोरखनं ते ऐकलं. आणि एवढ्या लख्ख उजेडात, तोंडावर मुखवटा नसताना, तो शेवटच्या पायरीवर ठेचकाळला.